घरी राहिलेली मतं

शिकागोहून उत्तरेला दीडशे किलोमीटरवर, मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी नावाचं शहर आहे. लोकसंख्या पावणेसहा लाख. अमेरिकेच्या हिशेबानं ते ना मोठं, ना लहान. आपल्या सोलापूरपेक्षाही छोटंच. २०१८ साली माझ्या भाचीकडे मी तिथं महिनाभर राहिलो. नोव्हेंबरचे दिवस होते, सरोवरावरून येणारा वारा कानशिलं गोठवत होता आणि विस्कॉन्सिन राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक ऐन रंगात होती. मिलवॉकी हे त्या राज्यातलं सर्वांत मोठं शहर.

६ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. भाचीला तिथं मताचा अधिकार नाही, मला तर नाहीच नाही. पण निकाल बघायला कोण अडवतं? आठ वर्षं गव्हर्नर असलेले रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट वॉकर आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे टोनी एव्हर्स यांच्यात अक्षरशः उन्नीस-बीस चाललं होतं. मध्यरात्र उलटली तरी उलगडा होईना. मग एकदम बातमी आली, की मिलवॉकी शहरातली आगाऊ आणि टपालानं आलेली चाळीस हजारांहून जास्त मतं मोजून झाली आहेत. ती यादीत चढली आणि पारडं फिरलं. एव्हर्स सुमारे २९ हजार मतांनी निवडून आले. गंमत पुढंच आहे. फरक एक टक्क्याहून जास्त असेल तर हरलेल्याला फेरमोजणी मागता येणार नाही, अशा कायद्यावर वॉकर यांनीच २०१७ मध्ये सही केली होती. आणि इथं फरक होता १.१ टक्के!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाई ओट्यावर भेटल्या. सत्तरीच्या कृष्णवर्णीय बाई, कारखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी आठवडाभर आधीच जाऊन मत दिलं होतं. म्हणजे रात्री ज्या गठ्ठ्यानं पारडं फिरवलं, त्यात त्यांचाही कागद होता. मी अभिनंदन केलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी मी घरीच बसले होते, ते कसं विसरू?

त्यांच्या त्या बोलण्यानं मला या शहराच्या इतिहासाकडं नेलं. परत आल्यावरही मी तो शोधत, वाचत राहिलो. मत देणाऱ्यांचा इतिहास सगळे लिहितात. न दिलेलं मत कुणाच्या खात्यात जमा होतं, याचा हिशेब मात्र मिलवॉकीइतका स्वच्छ मला दुसरीकडं कुठं दिसला नाही.

या हिशेबाची सुरुवात १८४९ ची आहे. विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार द्यावा का, हा प्रश्न त्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांसमोर ठेवला गेला. ‘होय’ म्हणणारे निघाले ५,२६५ आणि ‘नाही’ म्हणणारे ४,०७५. सरळ गणित आहे, प्रस्ताव मंजूर झाला. पण राज्यघटनेत शब्द होते, ‘त्या निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांचं बहुमत’. अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की त्या दिवशी ३१ हजारांहून अधिक लोक मतदानाला आले, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ‘होय’ म्हटलेलं नाही, सबब प्रस्ताव नामंजूर. वीस हजारांहून अधिक माणसांनी या प्रश्नावर काहीच मत दिलं नव्हतं. ती माणसं मुकी राहिली आणि त्यांचं मौन ‘नाही’च्या रकान्यात मांडलं गेलं.

सोळा-सतरा वर्षं ते तसंच राहिलं. मग या गोष्टीत एझिकिएल गिलेस्पी येतात. टेनेसीत गुलाम म्हणून जन्मलेले, स्वतःची किंमत मोजून स्वतःला विकत घेतलेले आणि मिलवॉकीत येऊन स्थिरावलेले गृहस्थ. रेल्वे कंपनीत त्यांची नोकरी होती. १८६५ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध संपलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गिलेस्पी मत द्यायला केंद्रावर गेले. त्यांना परत पाठवण्यात आलं. ते जाणार, परत पाठवले जाणार आणि मग कोर्टात जाणार, हे आधी ठरलेलंच होतं. बायरन पेन नावाचे नामांकित वकील त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

त्याच निवडणुकीत तोच जुना प्रश्न पुन्हा लोकांना विचारला गेला होता आणि लोकांनी या वेळी चक्क ‘नाही’ म्हटलं होतं. पण मार्च १८६६ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की या प्रश्नावर पडलेल्या मतांचंच बहुमत धरायचं. न बोलणाऱ्यांना ‘नाही’ म्हणणारे समजता येणार नाही. तेव्हा हा अधिकार १८४९ मध्येच मिळालेला आहे. इतकी वर्षं एक हक्क मिळालेला होता आणि ज्यांना तो मिळाला होता त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. साऱ्या देशासाठी वंशावरून मत नाकारण्याला बंदी करणारी घटनादुरुस्ती १८७० ची. मिलवॉकीतली मूठभर कृष्णवर्णीय माणसं त्याच्या चार वर्षं आधी मत देऊ लागली.

हे वाचताना मला माझे वडील आठवले. एकदा मतदार यादीत त्यांचं नाव असं काही छापलं होतं, की केंद्रावरच्या माणसाला ते वाचताही येईना. ‘चाचा, तुमचं नाव नाही,’ असं सांगून त्यानं त्यांना वाटेला लावलं. घरी येऊन ते टोपी खुंटीला अडकवून मुकाट बसले. कोर्टात जायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. गिलेस्पींची मला म्हणूनच अपूर्वाई वाटते.

पुढचं मिलवॉकी हे जर्मनांचं आणि पोलिश मजुरांचं शहर झालं. जर्मनीतल्या १८४८ च्या क्रांतीचा बीमोड झाल्यावर पळून आलेले सुशिक्षित लोक इथं आले. मागोमाग कारागीर आले, बिअरचे कारखाने आले. पॅब्स्ट, श्लिट्झ, मिलर ही नावं इथलीच. ५ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसाची मागणी करत पोलादाच्या कारखान्याकडं निघालेल्या मजुरांवर गव्हर्नरच्या हुकमानं आलेल्या पलटणीनं गोळीबार केला. बे व्ह्यू या भागात किमान सात माणसं मेली. त्यात बहुतेक पोलिश. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मजुरांच्या पीपल्स पार्टीनं इथल्या निवडणुका मारल्या आणि आपला माणूस थेट अमेरिकी संसदेत पाठवला. गोळीनं घाबरून माणसं घरात बसतील असं ज्यांना वाटलं होतं, त्यांचा अंदाज सहा महिन्यांत चुकला.

अमेरिकेत समाजवादी म्हणवून घेणं म्हणजे राजकीय आत्महत्या, असं आपण ऐकत आलो. मिलवॉकीनं १९१० ते १९६० या पन्नास वर्षांत तीन समाजवादी महापौर निवडले आणि त्यांची कारकीर्द एकत्र केली तर अडतीस वर्षं भरते. पहिले एमिल सायडेल, लाकडाचे साचे घडवणारे कारागीर. त्यांचा खासगी चिटणीस कोण असावा? कार्ल सँडबर्ग. पुढं अमेरिकेचा केवढा मोठा कवी झालेला हा माणूस त्या काळी महापौरांच्या कचेरीत कारकुनी करत होता. कवीनं कचेरीत बसू नये असं आमच्यात म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. वस्तीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार ऐकून घेण्यानं कुणाची कविता बिघडत नाही.

सायडेल यांना १९१२ मध्ये आधीपेक्षा जास्त मतं मिळाली, तरी ते पडले. कारण डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या एरवीच्या हाडवैऱ्यांनी एक होऊन एकच उमेदवार उभा केला आणि आजवर घरी राहणाऱ्या आपापल्या मतदारांना बाहेर काढलं. लगोलग राज्य विधिमंडळानं शहराच्या निवडणुका पक्षचिन्हाविना घेण्याचा कायदा केला. समाजवाद्यांना रोखण्यासाठीच तो होता. तरी १९१६ मध्ये डॅनियल होन निवडून आले आणि सलग चोवीस वर्षं महापौर राहिले! त्यांच्या पक्षाला शहाण्यांनी ‘गटार समाजवादी’ असं हिणवलं. क्रांतीच्या गप्पा सोडून हे लोक सांडपाण्याच्या नळांविषयीच बोलतात, असा त्यातला टोमणा. मिलवॉकीकरांना तो टोमणा वाटलाच नाही. त्यांच्या काळात सरोवराकाठी मैलापाण्याचं मोठं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं आणि १९२६ पासून त्यातून निघणाऱ्या गाळाचं दाणेदार सोनखत पोत्यांत भरून देशभर विकलं जाऊ लागलं. भाचीच्या अंगणातल्या हिरवळीला मी ते खत माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

याच पक्षाचे व्हिक्टर बर्गर संसदेत गेलेले पहिले समाजवादी. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. १९१८ मध्ये निवडून आले तरी सभागृहानं बसू दिलं नाही. १९१९ च्या डिसेंबरात पोटनिवडणूक घेतली, दोन्ही पक्षांनी पुन्हा मिळून एकच उमेदवार दिला, तरी बर्गर आधीपेक्षा जास्त मतांनी आले. सभागृहानं पुन्हा नाकारलं आणि जागा रिकामी ठेवली. शेवटी १९२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं शिक्षा रद्द केली आणि पुढच्या वर्षी लोकांनी त्यांना परत निवडलं. हा माणूस मला फार आवडू लागला होता. मग त्यांचंच १९०२ सालचं लिखाण समोर आलं. त्यात त्यांनी कृष्णवर्णीयांना खालच्या दर्जाचा वंश म्हटलं होतं. एका हातानं मजुराला मान द्यायचा आणि दुसऱ्या हातानं शेजाऱ्याला ढकलायचं! गिलेस्पींच्याच शहरातला हा माणूस. मी पुस्तक मिटून ठेवलं.

पण ती फट तिथंच होती आणि पुढं ती रुंदावत गेली. १९४० मध्ये मिलवॉकीत कृष्णवर्णीय नऊ हजारांच्या आत होते; १९६० मध्ये ६२ हजारांवर गेले. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून माणसं कारखान्यांकडं येत होती. त्यांना घरं मिळत शहराच्या एकाच कोपऱ्यात. तिसरे समाजवादी महापौर फ्रँक झायडलर यांनी त्यांच्यासाठी सरकारी घरं बांधायचा आग्रह धरला, तेव्हा १९५६ च्या निवडणुकीत अफवा उठली, की दक्षिणेत जाहिराती लावून हेच त्यांना बोलावून घेतात. झायडलर निवडून आले, पण १९६० मध्ये पुन्हा उभे राहिले नाहीत. इथं मिलवॉकीतलं समाजवादी पर्व संपलं.

शेजारच्या बाईंची गोष्ट यानंतर सुरू होते. १९५६ मध्ये व्हेल फिलिप्स या शहराच्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय नगरसेविका झाल्या. कातडीचा रंग बघून घर नाकारता येऊ नये, असा ठराव त्यांनी १९६२ मध्ये मांडला. बाजूनं मत एक, त्यांचं स्वतःचं. विरोधात अठरा. त्यांनी तो चार वेळा मांडला आणि चारही वेळा अठरा विरुद्ध एक! त्याच काळात, १९६४ मध्ये, वंशभेदाचे उघड पुरस्कर्ते असलेले अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस इथल्या दक्षिण भागातल्या एका सभागृहात येऊन भाषण करून गेले आणि राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत जवळजवळ ३४ टक्के मतं घेऊन गेले. मजुरांच्या वस्त्यांनी ती दिली होती. आजोबा बे व्ह्यूच्या गोळीबारात सापडलेले, नातू वॉलेसच्या सभेत टाळ्या पिटणारे, असंही काही घरांत असेल.

शहराच्या मधोमध एक खोलगट दरी आहे. तिच्यावरून सोळाव्या रस्त्याचा लांबलचक पूल जातो. उत्तरेला कृष्णवर्णीय, दक्षिणेला पोलिश. हा जगातला सगळ्यात लांब पूल, कारण तो आफ्रिकेला पोलंडशी जोडतो, असा विनोद तिथं चालत असे. २८ ऑगस्ट १९६७ रोजी फादर जेम्स ग्रोपी या गोऱ्या धर्मगुरूबरोबर कृष्णवर्णीय तरुण-तरुणींचा मोर्चा हा पूल ओलांडून गेला. पलीकडं हजारोंचा जमाव दगड आणि बाटल्या घेऊन उभा होता. दुसऱ्या रात्री मोर्चेकऱ्यांचं कार्यालय जळालं. तरी ते निघतच राहिले, ओळीनं दोनशे रात्री, मिलवॉकीच्या हिवाळ्यात. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, त्याच महिन्यात देशाचा घरांविषयीचा कायदा आला आणि महिनाअखेर मिलवॉकीनंही आपला ठराव मंजूर केला.

बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. दोनशेपैकी किती रात्री चालल्या ते त्यांनी मोजलं नव्हतं, पण एका बाटलीची खूण त्यांनी मला भुवईवर दाखवली. एका दुपारी मी तो पूल चालून आलो. आता त्याला ग्रोपींचं नाव आहे. गाड्या सुसाट जात होत्या, पायी मी एकटाच.

एवढ्या रात्री चाललेल्या बाई २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत घरी का बसल्या? मी विचारलं नाही; त्यांनीच सांगितलं. त्यांचा कारखाना पंधरा-वीस वर्षांपूर्वी बंद पडला होता. श्लिट्झ १९८१ मध्ये गेली, पॅब्स्टचा इथला कारखाना १९९६ मध्ये, आणि यंत्रं बनवणारे मोठमोठे कारखाने याच काळात एकेक करून मिटले. ओबामांना दोन्ही वेळा त्यांनी उत्साहानं मत दिलं होतं, पण गल्लीत काही बदललं नाही. आणि हिलरी क्लिंटन तर मुख्य प्रचारात विस्कॉन्सिनला एकदाही आल्या नाहीत. ज्याला आमची गरज नाही त्याच्यासाठी मी थंडीत का उभी राहू, असं त्यांना वाटलं.

असं वाटणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. मिलवॉकी शहरात २०१२ च्या मानानं २०१६ मध्ये सुमारे ४१ हजार मतं कमी पडली. ट्रम्प यांनी विस्कॉन्सिन जिंकलं ते २२,७४८ मतांनी. कारणांवर वाद आहेत. छायाचित्राचं ओळखपत्र सक्तीचं करणारा २०११ चा कायदा कोर्टकचेऱ्यांतून सुटून त्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्यांदा लागू होता. मिलवॉकी आणि डेन या दोन जिल्ह्यांत त्यामुळं सुमारे १७ हजार नोंदणीकृत मतदार मागे राहिले असावेत, असा अंदाज विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी केला. मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून मत देण्याची सोय १९७६ पासून देणारं हे राज्य, हे लक्षात घेतलं की हा बदल बोचतो. पण सगळं खापर कायद्यावर फोडू नये. बाईंच्या पर्समध्ये ओळखपत्र होतंच.

या राज्यात फरक इतके बारीक असतात, की ४१ हजार हा आकडा डोंगराएवढा आहे. २००० मध्ये फरक ५,७०८ चा, २००४ मध्ये ११,३८४ चा, २०२० मध्ये बायडन यांच्या बाजूनं २०,६८२ चा, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांच्या बाजूनं सुमारे २९ हजारांचा. शहर प्रत्येक वेळी डेमोक्रॅट पक्षाकडं झुकलेलं, भोवतालचे वॉकेशा, ओझॉकी, वॉशिंग्टन हे सुखवस्तू जिल्हे रिपब्लिकन. तिथली माणसं पाऊस असो, बर्फ असो, नेमानं मत देतात. शहराचा कल काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. शहर किती येतं, एवढंच ठाऊक नसतं.

त्यात आगाऊ मतांच्या मोजणीला मतदानाच्या दिवसाआधी हात लावायचा नाही, असा राज्याचा नियम. मिलवॉकी ती सगळी एका ठिकाणी मोजतं, म्हणून निकाल मध्यरात्रीनंतर येतो. २०२० मध्ये यावरूनच ‘रात्रीत मतं आणली’ अशी ओरड झाली. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेनं तीस लाख डॉलर भरून मिलवॉकी आणि डेनची फेरमोजणी करवून घेतली. तिच्यातून बायडन यांची आघाडी ८७ मतांनी वाढली.

त्याच वर्षीची, पण आधीची, एप्रिलची गोष्ट भाचीनं मला फोनवर सांगितली. ७ एप्रिल २०२०. करोनाची पहिली लाट, माणसं दाराची कडी उघडायला भीत होती. कर्मचारी मिळेनात म्हणून मिलवॉकीत एरवीच्या सुमारे १८० मतदान केंद्रांऐवजी फक्त पाच उघडली होती. बाईंनी मागवलेली टपाली मतपत्रिका आलीच नव्हती. बहात्तराव्या वर्षी त्या तोंडाला रुमाल बांधून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. भाची म्हणाली, अडीच तासांनी परत आल्या आणि घरात न जाता तशाच ओट्यावर बसून राहिल्या.

मी विचारलं, अध्यक्षपदाची निवडणूक तर नोव्हेंबरात ना? मग एवढा जीव धोक्यात घालून त्यांनी मत दिलं तरी कशासाठी?

विस्कॉन्सिनमध्ये न्यायाधीशही लोक निवडतात. त्या दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली एक जागा भरायची होती. एझिकिएल गिलेस्पींचा निकाल लावणारं न्यायालय तेच.